कानामागं चोवीस तास

आधी कानामागं लावायचं. वाटाण्याएवढं.
मग चोवीस तास त्या जागेला
पाणी नाही, हात नाही.
हे कुणी शिकवलं नाही मला.
दहावीच्या निरोप समारंभाला
मैत्रिणीची पावडर फासली होती, तीस रुपयांची,
आणि ग्रुप फोटोत बत्तीस चेहऱ्यांमध्ये
एकटी मी, ठेचा लागल्यासारखी.

तेव्हापासून माझं कातडं
माझ्या आधी बोलतं.

नाना डाईंगमध्ये. टॉवेलचं सूत रंगवतात,
नखं जांभळी, ती आता धुऊन निघायची नाहीत.
एकदा पहाटे त्यांनी बघितलं,
"काय लावूलालीस गं तिथं?"
सांगितलं.
मग म्हणाले, आम्ही पण तेच करतो की.
हजार किलोचा लॉट असला तरी
आधी एकच लडी बुडवायची, वाळवायची,
थुंकी लावून पांढऱ्या फडक्यावर घासायची.
"चूद्दाम," म्हणाले तेलुगूत. बघू.
आणि दुसऱ्या दिवशी पाळीला निघताना
चष्मा कपाळावर सरकवून
माझा कान वाकवला कागदासारखा.
"लाल हाय."

अशा आठ ट्यूबा गेल्या.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवते मी त्या.
आई विड्या वळताना डब्याकडे बघून
हिशोब करते, हजार विडीला किती, एका ट्यूबेला किती,
पण मोठ्यानं नाही करत.
वाईट नसतात त्या ट्यूबा.
फक्त माझ्या नसतात.

नववी टिकली.
कानामागं, मग जबड्यावर, मग अर्ध्या गालावर,
एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
पत्र्याखाली बसून.

नवी पेठेत दोशीकाकूंच्या दुकानाला
पाटी होती: काउंटरसाठी मुलगी पाहिजे, नीटनेटकी.
अशोक चौकातून शेअर रिक्षा,
मांडीवर कुणाच्या तरी चादरींचा गठ्ठा,
मी नाकावरचा घाम रुमालानं फक्त टिपत होते,
पुसत नव्हते.

"नाव?"
"श्रीलता बोद्धूल."
काकूंनी उजेडाकडे तोंड करायला लावलं.
"काउंटरला चेहरा हाच बोर्ड असतो, बाई.
तुझा तर कोरा."
म्हटलं, कोरा नाही. लावलंय.
दिसत नाही, असंच लावलंय.
त्या हसल्या नाहीत.

तेवढ्यात एक मुलगी आली, आईसोबत,
हळद आठ दिवसांवर, हनुवटीवर बारीक पुरळ,
फोनमध्ये एका डबीचा फोटो.
काकूंनी डबी काढून दिली. मी ती उलटी केली.
मागची अक्षरं मुंगीएवढी,
मला ती आता पाढ्यासारखी येतात.
"यात सुगंध आहे," मी म्हणाले.
"चांगलंच की," तिची आई म्हणाली.
"कशाचा, ते लिहिलं नाही."

मुलीचा हात घेतला. थंडगार होता, एवढ्या उन्हात.
मनगटाच्या आत, शिरेजवळ, वाटाण्याएवढं.
घासू नको. उद्या ये.
काही झालं नाही तर घे. झालं तर
आपण दुसरं बघू.
"आपण" म्हणून गेले मी,
दुकान माझं असल्यासारखं.

त्या गेल्या. न घेता.
काकूंनी डबी पुसून जागेवर ठेवली,
गल्ल्यातल्या सुट्ट्या नाण्यांची चळत
मोडली, परत लावली.
"गिऱ्हाईक घालवलंस."
"येईल उद्या."
"आली तर तू पण ये."

रात्री नानांना सांगितलं.
विचारलं नाही त्यांनी पगार किती, सुट्टी कधी.
भाकरीवर शेंगाचटणी ओढून घेतली, म्हणाले,
घासून बघूलालीय म्हणजे ती पण.

आता अकरा वाजलेत.
दुकानासमोर उसाच्या गाड्याजवळ उभी आहे,
चरकाचे घुंगरू वाजतात, काच निम्मी उघडी,
आत काकू उदबत्ती ओवाळतायत.
ती मुलगी अजून दिसत नाही.
कानामागं काहीतरी चुरचुरतंय.
घाम असेल.
हात लावत नाही.