लांब नळी

तळघरातल्या जुन्या फ्रीजमध्ये तीन अंश.
बाहेर डुलूथ, नोव्हेंबर,
सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीत शिटी शिकतोय.
केग दोन आठवडे उभा आहे
तीस पौंड दाबाखाली, गप्प.
केग गडगडा लोळवून एका रात्रीत
वायू मुरवणारेही असतात. मला नाही जमत.
खारवलेल्या हेरिंगसारखं आपलं आपण मुरू दे.
सांध्यांना साबणाचं पाणी लावलं,
एक बुडबुडा आला नाही.

तरी काल तोटी उघडली
आणि पेल्यात निव्वळ फेस.
दुसऱ्यात फेस. तिसऱ्यातही.
बादलीभर फेस, आणि खाली बसला तेव्हा
दोन बोटं गव्हाची बिअर, मलूल, ओशाळलेली.
शनिवारी किर्स्टीचं लग्न.
भाचीला शब्द देऊन बसलेय मी.

दाब उतरव, शेजारची मार्लिस म्हणाली.
उतरवते. मग लग्नात काय वाढू,
पिवळं पाणी?

आज सकाळी जिन्यावर बूट वाजले.
रेइनो. माझा भाऊ.
मी वडिलांची होडी विकली त्याला तीन हिवाळे झाले,
तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो.
हातात पाच मीटर नळीचं वेटोळं,
वाटाणा अडकेल इतकी अरुंद.
"तुझी फार आखूड आहे," म्हणाला.
कशी आहेस वगैरे नाही.

दीड हाताची जुनी काढली,
नवीचं टोक कढत पाण्यात मऊ केलं,
बसवलं, क्लँप आवळला,
वेटोळं केगच्या डोक्यावर ठेवून दार लावलं.
"गार होऊ दे," हे बहुतेक फ्रीजला.

दोन उलट्या क्रेटवर दोघं बसलो.
होडी चारदा घशाशी आली माझ्या,
चारदा गिळली.

मग तोटी.
पहिला पेला फेसाचाच, तो मोरीत.
दुसरा त्यानं तिरका धरला
आणि बिअर आली,
पाच मीटर नळीला अंग घासत,
वाटेतच जोर जिरवून,
पेल्यात अलगद उतरली.
ढगाळ, सोनेरी, वर तीन बोटं फेस, जागचा हलेना.
उजेडाला धरली तर आत
बुडबुड्यांची तीच धावाधाव.
दाब तसाच होता, तीस पौंड,
काट्याकडे दोनदा पाहिलं मी.

रेइनोनं घोट घेतला, त्याच्या नाकात झिणझिण्या आल्या,
डोळे पाणावले, मिशी पुसली.
"तिचं इंजिन तसंही गेलं होतं," म्हणाला.

मी त्याचा पेला घेतला
आणि पुन्हा तिरका धरला.