ई-सहा

वडिलांच्या दोन पेन्सिली. एक कानावर, एक मोज्यात.
खोडरबर मात्र आईच्या पर्समध्ये.
मागावा लागे,
म्हणजे चारचौघांत कबूल करावं लागे.

सेंट ओडिलचं मैदान गावाच्या टोकाला, डेअरीमागे.
डाव्या कुंपणापलीकडे मका.
चेंडू मक्यात गेला की होमरन,
आणि शोधून आणणाऱ्या पोराला पंचवीस सेंट.
सामना रविवारी दीडला, कारण गाईंना बेसबॉल कळत नाही:
पहाटेचं दूध, आठची प्रार्थना, पुन्हा पाचला दूध.
जास्तीच्या इनिंग्ज लागल्या
की तिसऱ्या बेसवरचा क्लेटस सूर्याकडे बघे
आणि चेंडू सोडे.

आमच्या घरातलं कुणी ना कुणी तिथं असायचंच.
रुडीकाका कॅचर, दहापैकी सहा बोटं सरळ.
आई तिकिटांच्या खिडकीत.
मी शिडीवर, फळ्यावर आकडे टांगत;
नऊ हरवला होता, म्हणून सहाच उलटा लावायचे.
वडील जाळीमागे, मांडीवर स्कोअरबुक.
सामना बघितलेली माणसंसुद्धा घरी जाताना थांबून विचारत,
"आंब्रोज, तू काय लिहिलंस?"

ब्याऐंशीचा ऑगस्ट. हेलर्सबर्गशी. नववी इनिंग, दोन बाद.
चेंडू शॉर्टस्टॉपकडे.
म्हणजे रोमनकडे. म्हणजे माझ्या भावाकडे.
फार सोपा नव्हता, फार अवघड नव्हता.
खडा लागला म्हणा, पाय उशिरा पडला म्हणा,
मनगटाला घासून तो गवतात गेला,
तिसऱ्यावरचा माणूस चालतच घरी पोचला
आणि आमचा मोसम एका धावेनं संपला.

हिट म्हणावी, तर दोष कुणाचाच नाही.
एरर म्हणावी, तर नाव लागतं.
अख्खी बाकं जाळीकडे वळली.
वडिलांनी लिहिलं: ई-सहा.

गुरुवारी साप्ताहिकात छापून आलं,
आमचंच आडनाव, पुढे एक.
रोमननं पेपरची घडी करून ताटाखाली ठेवली, आणि जेवला.
मग मार्चपर्यंत दोघं एकाच गोठ्यात,
मध्ये बत्तीस गाई आणि यंत्राचा आवाज.
"बादली."
"दार."
पुढं तो डुलुथला गेला, बंदरात, जहाजात धान्य भरायला.
खेळणं सोडलं नाही त्यानं. तिकडे सेकंड बेसवर खेळायचा.

या फेब्रुवारीत वडील गेले.
माळ्यावर एकतीस स्कोअरबुकं.
समासात काय काय: मक्याचा भाव, "नवा पंच आंधळा,"
एका पानावर "व्हेरेनाला कळा,"
आणि पाचव्या इनिंगपासून अक्षर रुडीकाकाचं.
त्या कळा म्हणजे मी.

ते पानही सापडलं.
ई-सहाच्या चौकोनात कागद झिजून
कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
खिडकीशी धरला:
खाली एच, त्याखाली ई, त्याखाली पुन्हा एच.

आई कॉफी ढवळत म्हणाली,
"त्या रात्री रबर परतच दिला नाही त्यानं.
सोमवारी मी नवा आणला."

पुस्तक मी टेबलावर उघडंच ठेवलं.
दफनासाठी आलेला रोमन दोन दिवस
त्याला वळसा घालून कॉफीकडे जात होता.
तिसऱ्या दिवशी चष्मा लावून बसला.
बराच वेळ.
"खडाबिडा नव्हता," म्हणाला. "मान वर केली मी. एररच."

मग बोट तीन ओळी वर सरकलं.
"पण हा के उलटा हवा.
त्यानं बॅट हलवलीच नव्हती, नुसता बघत राहिला होता.
म्हाताऱ्यानं हे कसं चुकवलं?"

आईनं पर्स उघडली.