सात किलो

रुवीतल्या खोलीत, दुमजली खाटेच्या दांड्याला
मासळीवाल्या हमदानचा ताणकाटा.
बॅग लटकते. आठ किलो सातशे.

खजूर काढले. आठ-दोनशे.
चार्जर खिशात. चपला राहू देत इथेच.
"ते नळ काढ की," वरच्या खाटेवरून परकार,
"गुहागरात नळ मिळत नाहीत?"

मिळतात.
पण हे दोन मी दुकानात उभं राहून
फिरवून फिरवून निवडलेत,
एका बोटानं बंद होतात.
मोठ्या बॅगेत टाकले, नि ती दुसऱ्याच गावी उतरली तर?

शेवटी जाकीट चढवलं, जूनमध्ये.
एकेका खिशात एकेक नळ.
काटा सहा-नऊशेवर.
चेकिंगला वाजतील. वाजू देत.

घराला पाण्याची लाईन
अजून यायचीय.