दुसरा उकार

उत्तरेश्वर पेठेच्या तोंडाला
तालमीच्या पोरांनी तुझा फ्लेक्स लावला, आई.
फोटो निरोपसमारंभाचा, तुला न आवडलेला.
खाली ठळक अक्षरांत : भावपुर्ण श्रद्धांजली.

पहिला उकार.

रडू यायचं, ते हसूच आलं.
होस्टेलवरून मी लिहिलेली पत्रं
तू तांबड्या शाईनं तपासून परत धाडायचीस,
तळाला शेरा : तब्येत सांभाळ. अक्षर सुधार.

चटणीच्या बरणीवर तुझी पट्टी तशीच :
कांदा-लसूण, मे महिना, तिखट बेताचं.
बेताचं ते कधीच नव्हतं.
कांडपावरून आलीस की चार दिवस
तपासलेल्या वह्यांनाही ठसका लागायचा,
पोरं पानं उलटता उलटता शिंकायची.

पुराच्या साली पाणी उंबऱ्याला लागलं,
शालू राहिला ट्रंकेत
आणि तू डोक्यावर घेतलास चौथीचा कॅटलॉग,
त्यावर पिठाचा डबा.
बाबा अजून म्हणतात, पीठ तरी सुचलं.

तेराव्याच्या आदल्या रात्री खाली शिडी वाजली.
सर्जेराव लोहार, चौथीत दोनदा बसलेला,
दातांत मोबाईलची बॅटरी, हातात मार्कर.
"काय करतोयस रे?"
"काय नाही ताई. बाई बघतील."

सकाळी पाहिलं,
उकार दुसरा झालेला,
जरा जास्तच ओढलेला,
खाली शोकाकुलांच्या यादीत
त्याच्याच नावाला
जवळजवळ टेकलेला.