पायांची खबर

माझं दुकान लिफ्टच्या पायथ्याशी, तळघरात.
इथे लोक आधी पाय दाखवतात, मग तोंड.
टिरोलमधल्या या खोऱ्यातला एकेक अंगठा
मी नावानिशी ओळखते:
पाववाल्याच्या पोराचा वाकडा,
पाद्रीबाबांचा, नख नसलेला.

जानेवारीत कॅसियान आला. बाहेर उणे एकोणीस.
जन्मभर लिफ्टच्या चाकांना ग्रीस लावलेला माणूस,
बूट काउंटरवर ठेवून म्हणाला,
"यात ते विजेचं बसव. आता सगळ्यांच्यात असतं."

तसं सोपं काम.
पातळ सुकतळा, बोटांखाली नाण्याएवढी तापणारी चकती,
टाचेमागून वर काढलेली वायर,
पोटरीच्या पट्ट्यावर काडेपेटीएवढी बॅटरी.
बटण एकदा दाबलं की एक दिवा, सकाळपुरता.
दोनदा, वारा सुटला तर.
तिसरा फक्त लिफ्ट मध्येच अडकली तरच,
कारण तिसऱ्यावर बॅटरी दुपार बघत नाही.

सवयीनं विचारलं, "फार गारठतात का?"
तो मोज्याच्या सुताशी खेळत राहिला.
"माहीत नाही.
दोन वर्षं झाली, खालून काही खबरच येत नाही.
साखर."
मग, जरा वेळानं,
"परवा टबात पाय घातले.
ओरडली ती नोटबुर्गा. मी नाही."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
ज्याला चटका कळत नाही त्याला ऊब विकायची नाही,
डब्यावर छापलेलं असतं, सात भाषांत.
म्हटलं, "कॅसियान, लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.
तुझी वाटेतच उतरून जाईल
आणि तू मजेत घसरत राहशील."
तो हसला नाही.
"मग काय, खिडकीतून बघू?"

खिडकीतून बघणारे मला ठाऊक आहेत.
माझे वडील बघायचे.
मार्चपर्यंत बघितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी ती आली,
स्वतःचे बूट घेऊन, जांभळे, बकल गंजलेले.
"माझ्यातही बसव," म्हणाली, "अगदी तेच.
माझे पाय बोलके आहेत, लग्नापासून तक्रारच करतात.
ते सांगतील तो आकडा त्याचा."

हे शास्त्र नव्हे, मला कळतं.
तिचं रक्त वेगळं, त्याचं वेगळं;
एकाच माणसाचे दोन पायसुद्धा
एकमेकांशी सहमत नसतात, मी रोज बघते.
तरी बसवले.
त्याचा तिसरा दिवा आतूनच तोडून टाकला
आणि अट घातली:
रोज चार वाजता, इथे, मोजे काढून.

तर आता वर, खुर्चीत,
दोघं शेजारी, धुक्यात पाय लोंबकळत.
ती बुटात बोटं हलवून बघते,
म्हणते, "एक."
तो हातमोजा दातांत धरतो, वाकतो, दाबतो.
"बंद कर."
तो बंद करतो.
एवढं त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं,
असं तीच सांगते, अख्ख्या दुकानाला.

चार वाजता तो बाकावर बसतो.
मी टॉर्च धरते, ती आरसा.
टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या.
काल उजव्या करंगळीखाली एक लाल ठिपका होता,
मसुराच्या दाण्याएवढा.
"काय आहे?" त्यानं विचारलं.

नोटबुर्गा बोलली नाही.
त्याच्या शेजारी टेकली,
जांभळ्या बुटातून आपला उजवा पाय काढला
आणि करंगळीखाली, त्याच जागी,
अंगठ्यानं दाबून बघत राहिली
बराच वेळ,
दुखतंय का.