पाहुण्यांसाठी मगर

फळ्यावर मी खडूने लिहिते ते एवढंच :
सात वाजता होडी, खारफुटीतून. दुर्बीण आमची.
साडेनऊला सायकली, पिएदादच्या टेकडीपर्यंत.
चढ आहे, उतरून ढकललीत तरी कुणी हसणार नाही.
अकराला मातीची मगर.
एकला जेवण, सोलकढी हवी तेवढी.
संध्याकाळी घुमट, वाजवणारे आले तर.

दिवाडीत मगर कुणी थापत नाही.
ती माझ्या माहेरची, दुर्भाटकडची,
पौषातल्या अवसेला, वर्षातून एकदाच.
बांध फुटू नये, खाजणात खारं पाणी शिरू नये,
गुडघाभर चिखलात उतरणाऱ्यांना तिने ओळखावं
म्हणून बाबा थापायचे.
थापताना बोलायचे तिच्याशी, सामायिक कुंपण असलेल्या
शेजाऱ्याशी बोलावं तसे, जपून.

लग्नात मी ती आणली नव्हती.
आणली तीन वर्षांपूर्वी,
होडीला इंजिन घेतलं आणि हप्ता सुरू झाला तेव्हा.
आता मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी थापते.
पोटात कोंबडीचं पिल्लू ठेवायचं असतं, ते गाळलं.
पाहुण्यांना सोसत नाही. मलाही सोसत नव्हतंच.
त्या जागी खोबऱ्याची वाटी.
डोळ्यांना शिंपले, पाठीला तिसऱ्यांची कवचं,
पायांना काटक्या.
फोटो निघतात. कुणीतरी म्हणतं, किती गोड.
मी अवसेचं सांगते, बांधाचं सांगते,
आणि सांगताना नेमकी तिथेच थांबते
जिथे थांबलं की लोक गप्प होतात.
हे माझं मलाच कळून वर्ष झालं.

गेल्या रविवारी इचलकरंजीचे मगदूम आले, पाचजण.
कायतानने इंजिन बंद करून वल्हं घेतलं,
खंड्या दिसला, दोनदा.
वहिनी म्हणाल्या, लूमचा आवाज आज गेला बघा कानातून.
धाकटा यशोधन सकाळपासून बोलला नव्हता.
मगरीच्या पाठीवर एकेक कवच लावत बसला,
घरी कशालाच नसते ती निगुती, असं त्याची आई म्हणाली.
मग मी म्हटलं, चला, पानं वाढते.

आणि हिचं काय?
काय म्हणजे?
भरती आल्यावर.
जाते, मी म्हटलं.
कशी जाते?

तीनशेवर मगरी मी थापल्या ह्या काठावर,
एकही जाताना पाहिली नाही.
एकला जेवण असतं. भात निवतो.
बाबा थांबायचे का? आठवत नाही.
ऊन लागेल म्हणून मला घरी पाठवायचे.

बसलो मग. मगदूम छत्री उघडून, कायतान विडी पेटवून.
भरतीने ढकलली तशी मानशीची दारं धप्प मिटली.
पहिलं पाणी शेपटीशी आलं, वळलं, पुन्हा आलं.
मला वाटलं होतं, विरघळेल.
विरघळली नाही. आधी भिजून काळी झाली,
आणि काळी झाल्यावर मगरीसारखी दिसली,
पहिल्यांदाच.
वहिनींनी पाय वर घेतले.
कायतानने विडी विझवली, का ते त्यालाच ठाऊक.
मग कूस खचली, खोबऱ्याची वाटी बाहेर आली,
गिरक्या घेत गेली फेरीबोटीच्या दिशेने.
राहिले दोन शिंपले, पाण्याखालून वर बघणारे.
मग तेही नाहीत.

यशोधनने हात जोडले नाहीत, फोटो काढला नाही.
म्हणाला, चला, भूक लागली.

भात निवला होता. सोलकढी दोनदा मागितली सगळ्यांनी.
चारची फेरीबोट धरून ते गेले.

रात्री फळा पुसला. सात, साडेनऊ लिहून झालं,
अकराशी खडू अडला.
हप्ता पाच तारखेला असतो.
लिहिलं : अकराला मातीची मगर.
आणि खालच्या ओळीतला एक पुसून :
जेवण, भरती बघून.