भेसळ

हलमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगसाठी खणलं
तेव्हा एकेचाळीस जण निघाले.
त्यांतली बावीस नंबरची माझ्या वाट्याला आली.

कानाच्या आतलं हाड घ्यायचं,
अख्ख्या देहातलं सगळ्यात चिवट.
डोळे, जीभ, गर्भाशय माती लवकर नेते,
कान मात्र राखून ठेवते.
मी दातांच्या डॉक्टरसारखं ड्रिल धरते.
चिमूटभर पीठ निघतं,
पिठीसारखं पांढरं नाही,
दुधाळ चहाच्या रंगाचं.

दोन मास्क, हातमोज्यांवर हातमोजे,
डोक्यापासून पायापर्यंत कागदी सूट:
तिला माझ्यापासून जपायला.

चौथ्या आठवड्यात स्क्रीनवर
तिची आईकडची रेघ उमटली
तशी ब्रॉन्वेन धावत आली,
"अगं, ही तर तुमच्याकडची!"
तेराशे वर्षांपूर्वी, हंबरच्या चिखलात,
आमच्याकडची?
दुपारी कोणी जेवलं नाही.
मी मनातल्या मनात तिला गलबतात बसवलं,
कुठल्या बंदरातून, कोणाच्या मागून, की विकून,
या थंडीत तिनं अंगाभोवती काय लपेटलं,
ठेच लागल्यावर "आई गं" म्हणाली का
(निदान तशा अर्थाचं काही).

पाच वाजता नायजेलनं
स्टाफच्या यादीशी ताडून पाहिलं.
सातव्या ओळीशी अक्षर न् अक्षर जुळलं.
सातवी ओळ मी.
एखादी शिंक असेल,
किंवा मास्क सारताना घामाचा थेंब.

अहवालात एकच शब्द लिहिला: भेसळ.

त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीत
आमच्या सात पिढ्या आहेत.
सातही पुरुष.
आईचं नवं नाव बाबांनी
ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं,
आधीचं मला सापडलं
शाळेच्या एका प्रगतिपुस्तकावर.
तिच्या आईचं आधीचं कोणालाच ठाऊक नाही,
आणि तिच्या आईचं तर नंतरचंसुद्धा नाही.

त्यांची ही रेघ मात्र बिननावाची,
कोणाला न विचारता चालत आलेली,
शिंकेबरोबर उडाली
आणि कानगोष्ट करावी तशी
एका परक्या बाईच्या कानात जाऊन बसली.

मी टेबल ब्लीचनं दोनदा पुसलं.
उद्या दुसऱ्या बाजूचा कान.
बावीस नंबरची कोण, ते अजून कळायचंय.

बसस्टॉपवर नदीकडून वारा सुटला होता.
मी कानटोपी खाली ओढली.